मिनेसोटात भर दुपारी डॉकवरून वॉलाय का लागत नाही

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की पुण्याहून मार्चमध्ये मिनिॲपोलिसला आलास, मासेमारीचं लायसन्स काढलंस, मोठ्या दुकानातून डबाभर आमिषं आणलीस, आणि जूनचे तीन शनिवार शहरातल्याच बिडे माका स्का तलावाच्या डॉकवर सकाळी दहा ते दुपारी तीन उभा राहिलास. चार बारके नॉर्दर्न पाईक लागले, एक बास मासा लागला, दोनदा काहीतरी दोरीच कापून घेऊन गेलं आणि ज्याच्यासाठी गेलास तो वॉलाय मासा एकही नाही. आता विचारतोयस की कुठलं आमिष घेऊ.

आमिष घेऊच नकोस. तुझ्याकडं आहेत ती पुरेशी आहेत, खरं तर जास्तच आहेत. मी कोल्हापूरचा, पंचगंगेवर मरळ धरत वाढलो, इथं आता १९ वर्षं झाली आणि वर्षाला चाळीसेक दिवस तरी पाण्यावर असतो, मे पासून ऑक्टोबरपर्यंत बोटीवर आणि पुढं बर्फावर. एवढ्या वर्षांत नवीन माणसाची जी चूक सगळ्यात जास्त बघितली ती हीच, की सुरुवात आमिषापासून करतो. क्रम उलटा पाहिजे. आधी कुठला मासा हवा ते ठरव, मग तो किती वाजता खातो ते बघ, मग त्या वेळेला तो पाण्यात कुठं असतो ते शोध, आणि सगळ्यात शेवटी गळाला काय लावायचं ते. मरळ धरणाऱ्याला हे आपोआप कळतं, कारण लहानपणापासून तो तेच पाणी बघत असतो. इथं परक्या पाण्यावर आपण ते विसरतो आणि पाकिटावरच्या चित्रावर विश्वास ठेवतो.

आता वॉलायचा डोळा समजून घे, कारण या माशाचं सगळं गणित त्या डोळ्यात आहे. वॉलायच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यात प्रकाश परत फेकणारा एक थर असतो, मांजराच्या डोळ्यात असतो ना तसाच, म्हणून रात्री टॉर्च मारला की डोळे पांढरट चमकतात. त्यामुळं अंधुक उजेडात त्याला छान दिसतं. त्याचं आवडतं खाणं म्हणजे यलो पर्च, आणि पर्च दिवसा बघणारा मासा, संध्याकाळ झाली की त्याला नीट दिसेनासं होतं. म्हणजे दिवस मावळताना एकाला दिसतंय आणि दुसऱ्याला दिसत नाही, तो अर्धा-पाऊण तास म्हणजे वॉलायची जेवणाची वेळ. जूनच्या शेवटी इथं सूर्य साधारण ९ वाजता मावळतो आणि सकाळी साडेपाचच्या आधीच उगवतो. तू दहा ते तीन उभा होतास, म्हणजे वॉलाय सकाळचं आवरून खोल पाण्यात जाऊन बसल्यावर आलास आणि तो परत वर यायच्या सहा तास आधी घरी गेलास. त्यात बिडे माका स्कामध्ये २०१८ ला झेब्रा मसल सापडले, हे बारके शिंपले पाणी गाळून गाळून स्वच्छ करतात, आणि पाणी जेवढं नितळ तेवढा उजेड खोल जातो, मग वॉलाय दिवसा आणखी खाली नाहीतर पाण्यातल्या झाडोऱ्याच्या सावलीत.

याला अपवाद वारा. वाऱ्यानं पाणी खवळलं की वरच्या लाटांनी उजेड फुटतो, खाली अंधारतं, आणि वॉलाय भर दुपारीही खायला लागतो. इथले जुने लोक त्याला वॉलाय चॉप म्हणतात. ढगाळ दिवस, दोन दिवस एकाच दिशेनं वाहिलेला वारा, आणि तो वारा ज्या काठावर येऊन आदळतो तो काठ, असं असेल तर दुपारी जा, नक्की जा. नवीन माणूस नेमका वाऱ्याच्या आडोशाला जाऊन उभा राहतो कारण तिथं दोरी टाकायला सोपं जातं, आणि मासे असतात समोरच्या काठावर.

मग जागा. डॉक कुठं आहे हे महत्त्वाचं नाही, डॉकसमोर तळ कसा आहे ते महत्त्वाचं. मिनेसोटा डीएनआरच्या, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या साइटवर लेकफाइंडर म्हणून आहे, तिथं बहुतेक मोठ्या तलावांचे खोलीचे नकाशे फुकट मिळतात, शिवाय त्यांनी जाळी टाकून केलेल्या पाहण्या, कुठल्या वर्षी किती वॉलायची पिल्लं सोडली ते सगळं. मी नवीन तलावावर जायच्या आधी एक संध्याकाळ त्या नकाशावर घालवतोच. बघायचं काय तर कड. जिथं खोलीच्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या आहेत तिथं तळ झपकन खाली जातो, जिथं उथळ भाग जिभेसारखा खोल पाण्यात घुसलाय ते टोक, जिथं पाणवनस्पती संपतात ती रेघ, रेती संपून गोटे सुरू होतात ती जागा. मासे कडेनं हिंडतात, गावात लोक बांधावरून चालतात तसे. मोकळ्या मैदानात मधोमध फार कमी.

उन्हाळ्यात अजून एक गोष्ट लक्षात ठेव. जुलै-ऑगस्टमध्ये तलावाचं पाणी थरांत वाटलं जातं, वर कोमट, खाली गार, मध्ये एक पातळ पट्टा जिथं तापमान एकदम पडतं. बऱ्याच शहरी तलावांत त्या पट्ट्याच्या खाली ऑक्सिजन जवळजवळ संपतो, म्हणजे ६० फूट खोल पाणी दिसतंय म्हणून तिथं टाकून उपयोग नाही, तिथं मासा श्वासच घेऊ शकत नाही. तेव्हा १५ ते २५ फुटांमधली कड शोधायची आणि संध्याकाळी तिथून वर ६ ते १० फुटांवर येणारी वाट. डॉकवरून तुला ती वाटच गाठता येते, पण अंधार पडतानाच.

आता आमिष आणि रिग, म्हणजे दोरीवरची मांडणी. काठावरून संध्याकाळी माझं उत्तर एकच, स्लिप बॉबर, म्हणजे दोरीवर सरकणारा तरंगता गोळा, आणि जळू. जळू म्हटल्यावर दचकू नको, बेट शॉपमध्ये लीच म्हणून जी मिळते ती रिबन लीच, माणसाचं रक्त पीत नाही. डझनभर घे, घरी फ्रीजमध्ये गार पाण्यात आठवडाभर आरामात जगतात (घरच्यांना आधी सांगून ठेव). दोरीवर आधी बॉबर स्टॉपची छोटी गाठ, मग मणी, मग सरकता बॉबर, खाली एक-दोन बारके शिशाशिवायचे वजनमणी, आणि त्याच्या फूटभर खाली ६ नंबरचा गळ नाहीतर एक-सोळांश औंसाची जिग, म्हणजे डोक्याला वजन असलेला गळ. जळूच्या चोषकाच्या, म्हणजे रुंद टोकाच्या बाजूनं गळ ओवायचा म्हणजे ती मोकळी पोहत राहते. गाठ सरकवून असं ठेव की जळू तळापासून फूटभर वर राहील. खोली मोजायला आधी गळाला जरा जड वजन अडकवून टाकून बघ, बॉबर बुडाला तर गाठ वर सरकव, आडवा पडला तर खाली. हे पाच मिनिटांचं काम लोक करत नाहीत आणि मग तीन तास तळातल्या शेवाळात आमिष लोळवत बसतात.

वजन शिशाशिवायचं का म्हटलं, तर इथला राज्यपक्षी लून तळातले खडे गिळतो आणि त्यात शिशाचा मणी गेला की विषबाधेनं मरतो. टिनचे आणि टंगस्टनचे मणी सगळीकडं मिळतात, थोडे महाग पडतात, घे.

बॉबर बुडाला की झटका मारायचा नाही. दोरी ताठ होईपर्यंत गुंडाळ, वजन जाणवलं की रॉड एका बाजूला सावकाश ओढ. वॉलायची चावण्याची पद्धत मरळीसारखी धाडकन नसते, कधी कधी फक्त ओला टॉवेल अडकल्यासारखं जड लागतं आणि नवा माणूस शेवाळ समजून हिसका देतो. रॉड साडेसहा-सात फुटांचा मीडियम लाइट, २५०० साइजचं स्पिनिंग रील, ८ पाउंडाची मोनो, म्हणजे साधी एकपदरी नायलॉनची दोरी, एवढ्यात वॉलाय आणि बास दोन्ही होतात.

बोट मिळाली तर लिंडी रिग शिक. सरकतं वजन, लांब स्नेल (वजन आणि गळ यांच्यामधला दोरीचा तुकडा), साधा गळ, त्यावर जळू किंवा नाइटक्रॉलर हे मोठं गांडूळ, आणि कडेकडेनं अगदी हळू ओढत न्यायचं, रीलवरची दोरी अडवणारी तार, म्हणजे बेल, उघडी ठेवून दोरी बोटावर धरायची, टकटक लागली की दोरी सोडायची, मनात पाच आकडे मोजायचे आणि मग ओढायचं. ब्रेनर्डच्या लिंडनर भावांनी १९६०च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली आणि मला आजही जुलैत यापेक्षा भरवशाचं दुसरं काही वाटत नाही. वसंतात मात्र, मे च्या मध्यात सीझन उघडतो तेव्हा, पाणी गार असतं, अंडी घालून झालेले मासे उथळ रेतीवर असतात, तेव्हा एक-अष्टमांश औंसाची जिग आणि शायनर मिनो, म्हणजे आमिषाचा बारका मासा. पुढच्या वर्षी करशील ते. बोट नसेल तर मिल लॅक्स तलावावर जा, शहरापासून दोन तासांच्या आत आहे, तिथं लॉन्च म्हणून मोठ्या बोटी चालतात, माणशी पैसे भरायचे, रॉड-आमिष सगळं तेच देतात, आणि संध्याकाळची ट्रिप घे. चार तास जाणकाराच्या शेजारी उभं राहून जेवढं कळतं तेवढं व्हिडिओ बघून महिनाभरात कळत नाही. १,३२,००० एकरांचा तलाव आणि सगळ्यात खोल जागा फक्त ४२ फूट, मोठ्या परातीसारखा, वाऱ्यानं लगेच खवळतो, म्हणूनच वॉलायला आवडतो. धरलेले वॉलाय घरी न्यायला ठेवायचे नियम तिथं वेगळे असतात आणि बदलत राहतात, जायच्या आधी वाचून जा.

आता तुझी दोरी कापून नेणारा तो. तो नॉर्दर्न पाईक, दुसरं काही असायची शक्यता कमी (पाईकचाच मोठा भाऊबंद मस्की असू शकतो, त्या तलावात आहेत). पाईकच्या तोंडात आत वळलेले शेकडो दात असतात, ८ पाउंडाची मोनो एका घासात जाते. पाईकसाठी मुद्दाम टाकत असशील तर गळाच्या आधी ९ ते १२ इंचांचा स्टीलच्या तारेचा तुकडा, म्हणजे लीडर, लाव, मीडियम हेवी रॉड आणि ३० पाउंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी. वॉलायला टाकताना लीडर लावला तर वॉलाय चावत नाही, तेव्हा तिथं अधूनमधून एखादा गळ जाणार हे धरून चाल.

बारकेच का लागतात, याचंही उत्तर पाण्याच्या तापमानात आहे. लहान पाईक कोमट पाण्यात, झाडोऱ्यात राहतो, डॉकच्या पुढ्यात. मोठ्या पाईकला गार पाणी लागतं, जून संपत आला की तो खोल गार पाण्याच्या कडेला जातो जिथं सिस्को किंवा टुलिबी नावाचे चरबीदार मासे असतात. मोठा पाईक हवा असेल तर मे मध्ये आणि मग थेट सप्टेंबर-ऑक्टोबरला, पाणी गार झाल्यावर, हिरव्या राहिलेल्या झाडोऱ्याच्या बाहेरच्या कडेला लाल-पांढरा स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) किंवा मोठा शॅलो रॅपाला (उथळ पोहणारं माशाच्या आकाराचं आमिष). दुसरं कारण असं, की बऱ्याच तलावांत बारक्या पाईकची गर्दी झालीय, मोठे सगळे खाऊन टाकल्यामुळं. म्हणून २०१८ पासून राज्याचे तीन झोन केलेत. उत्तर-मध्य झोनमध्ये २२ ते २६ इंचांमधला पाईक सोडावाच लागतो आणि बारके दहापर्यंत ठेवता येतात, २६ च्या वरचे त्यात दोनच. ईशान्य आणि दक्षिण झोनचे नियम वेगळे. तुझा तलाव कुठल्या झोनमध्ये ते डीएनआरच्या नियमांच्या पुस्तकात बघून घे.

पाईक आणि मस्कीत गफलत करू नको, ती महागात पडते. पाईकचं अंग गडद आणि त्यावर फिकट ठिपके, शेपटीची टोकं गोलसर. मस्कीचं अंग फिकट आणि त्यावर गडद पट्टे किंवा डाग, शेपटीची टोकं अणकुचीदार. मस्की ५४ इंचांपेक्षा लहान ठेवता येत नाही, आणि ठेवण्यासारखा मासा तो नाहीच, सोडायचा.

इथं एक सांगतो, कारण मला ते अजून लागून राहिलंय. माझ्या चौथ्या वर्षी लीच लेक नावाच्या तलावावर ३८ इंचांचा पाईक लागला, जुलैचा महिना, वरचं पाणी कोमट. माझ्याकडं लांब पक्कड नव्हती, साधी घरातली होती, ती दातांच्या आत पोचेना, गळ काढायला पाच-सहा मिनिटं गेली, मग फोटो, मग परत एक फोटो. पाण्यात सोडला तर कुशीवर पडला. अर्धा तास शेपूट धरून उभा होतो, तो गेला. तेवढी मादी तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. तेव्हापासून ११ इंची पक्कड, जबडा उघडा धरायचं साधन, गळ तोडायची कातरी हे तिन्ही हाताशी असल्याशिवाय मी पाईकसाठी दोरी टाकत नाही, मोठा मासा जाळ्यातच पाण्यात ठेवून गळ काढतो, आणि ऐन उन्हाळ्यात मोठ्या पाईकच्या मागं जातच नाही. तूही हे आधी घे, आमिषं नंतर.

बासबद्दल थोडक्यात, कारण तो तुला आधीच लागलाय आणि दिवसा लागतो. जबड्याचा कोपरा डोळ्याच्या मागं गेला तर लार्जमाउथ, डोळ्यापर्यंतच थांबला आणि अंगावर उभे पट्टे असले तर स्मॉलमाउथ. लार्जमाउथ म्हणजे आपल्या मरळीचा स्वभाव, कमळाच्या पानाखाली, डॉकच्या सावलीत दबा धरून बसणार आणि जवळ आलं की गिळणार. तुला दुपारीच वेळ मिळत असेल तर बासच धर, सरळ सांगतो. पाच इंची मऊ रबरी किडा, मधोमध गळ टोचलेला, वजन न लावता सावलीच्या कडेला टाकायचा आणि काही करायचं नाही, आपोआप थरथरत खाली जाऊ द्यायचा, बास तो पडतानाच घेतो. दोरी बाजूला सरकायला लागली की समज. मिनेटॉन्का लेक यासाठी उत्तम आहे, साडेचौदा हजार एकर, उपसागरांचं जाळं आणि असंख्य डॉक. स्मॉलमाउथ हवा तर परत मिल लॅक्स, २०१७ ला बासमास्टर मासिकानं देशातला एक नंबरचा बास तलाव म्हणून त्याचं नाव दिलं होतं. मे अखेर-जूनमध्ये उथळ रेतीवर ताटाएवढी स्वच्छ गोल जागा दिसली तर ते घरटं, नर राखण करत असतो, त्याला ओढून काढलं की पाच मिनिटांत सनफिश अंडी खाऊन टाकतात. तिथं टाकू नको. आणि बासला खालच्या ओठाला अंगठा घालून धरतात ते बघून पाईकला किंवा वॉलायला तसं धरायला जाऊ नको, दात आहेत.

आता खाण्याचं. वॉलायला कसला वास नाही, काटे कमी, फिले काढून हळद, मीठ, तिखट, आगळ लावून रवा-तांदळाच्या पिठात तळलास तर घरचे परत परत मागतील. १५ ते १८ इंचांचा ठेव. वीस इंचांच्या वरच्या बहुतेक माद्या असतात, त्या सोड, शिवाय मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो, तेव्हा घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर आरोग्य विभागानं तलावानुसार किती खावं याची यादी दिलीय ती बघूनच. पाईकची चव चांगली असते पण पाठीत वाय आकाराचे काटे असतात, ते काढायची पाच तुकड्यांची पद्धत आहे ती कोणाकडून तरी समोर बसून शिक. फिले करून नेताना मासा ओळखू येईल एवढा कातडीचा तुकडा, एक इंच बाय एक इंच, खवल्यांसकट ठेवावा लागतो. किती मासे ठेवायचे तो आकडा मी इथं मुद्दाम लिहीत नाही, तो बदलतो, आणि तलावागणिक वेगळा असतो. नियमांचा कंटाळा करू नको. अप्पर रेड लेकवर इतके वॉलाय उपसले गेले की मासा जवळजवळ संपला, १९९९ ला मासेमारी बंद करावी लागली, रेड लेक बँड, म्हणजे तिथल्या मूळनिवासी लोकांची जमात, आणि राज्यानं मिळून पिल्लं सोडली आणि सात वर्षं थांबून २००६ ला परत उघडली. आज तिथं लोक खोऱ्यानं मासे धरतात ते त्या सात वर्षांमुळं.

अजून दोन गोष्टी ज्या कोणी सांगत नाही. तलावाचं पाणी मिनोच्या बादलीत भरून घरी न्यायचं नाही, काठावर ओतून द्यायचं आणि घरून आणलेलं नळाचं पाणी भरायचं (क्लोरीन उडालेलं), नाहीतर झेब्रा मसलची पिल्लं एका तलावातून दुसऱ्यात जातात, आणि दंडही होतो. आणि उरलेली गांडुळं झाडाखाली सोडू नको. आपल्याकडं गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, पण मिनेसोटात मूळची गांडुळंच नाहीत, हिमयुगानंतर इथलं जंगल त्यांच्याशिवाय वाढलं, ती जंगलात शिरली की पाचोळ्याचा थर खाऊन टाकतात आणि खालची रोपटी मरतात. कचऱ्याच्या डब्यात टाक.

तर या शनिवारी असं कर. दुपारी झोप काढ. साडेसातला डॉकवर पोच, उजेड असताना खोली मोजून गाठ लावून ठेव, झाडोऱ्याची बाहेरची कड कुठं संपते ते स्पून रिकामा ओढून बघ, झाडोरा अडकायचा थांबला की ती जागा. साडेआठपासून साडेनऊपर्यंत जळू त्याच कडेवर ठेव, हलू नको, जागा बदलू नको. उन्हाळ्यात एका माणसाला एकच दोरी चालते, शेजारी दुसरा रॉड लावून ठेवू नको. डोक्याला लावायचा दिवा घे पण पाण्यावर मारू नको. आणि डासांचं औषध लावलंस तर जळूला हात लावायच्या आधी हात साबणानं धुऊन कोरडे कर, तो वास माशाला लगेच कळतो.